प्रतिसाद: फ्रेंच जेवण म्हणजे नुसतं बटर नाही हो
वर कुणीतरी लिहिलंय की फ्रेंच जेवण म्हणजे बटर आणि महागड्या रेस्टॉरंटांचा थाट, मला अजिबात पटलं नाही. एकदा घरी कांद्याचं सूप करून बघा, कांदे पातळ चिरून बटरवर मंद आचेवर पाऊण तास तरी परतायचे, मस्त तपकिरी झाले की थोडी व्हाइट वाइन, मग स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी), वर पावाचा तुकडा आणि ग्रुयेर चीज घालून ओव्हनमध्ये, बस! साध्या कांद्याला काय गोडी येते, शिकताना इतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. आणि फ्रेंच लोकांची जेवायची पद्धत तर फारच आवडते, सगळे एकत्र, एकामागून एक पदार्थ, गोडाच्या आधी चीज, गप्पा चालूच. युनेस्कोने २०१० मध्ये वारसा म्हणून मानलं ते या एकत्र जेवण्यालाच, कुठल्या एका रेसिपीला नाही.