शब्दचर्चा : ‘अपारंपरिक सुरक्षा’ म्हणजे नेमके काय?

मिरजेहून प्रश्न

राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करताना ‘विकसनशील देशासमोरील अपारंपरिक सुरक्षा आव्हाने’ हा विषय पुन्हा पुन्हा समोर येतो. इंग्रजी पुस्तकांत ‘नॉन-ट्रॅडिशनल सिक्युरिटी’ अशी संज्ञा आहे आणि पूर, दुष्काळ, साथी, स्थलांतर, सायबर गुन्हे हे सारे तिच्यात मोडते, एवढे मला समजले आहे. मराठीत उत्तर लिहायला बसले की मात्र वाक्य जड होते आणि अर्थ हातातून निसटतो. काही पुस्तकांत ‘अपारंपारिक’ असेही छापलेले आढळते. सुरक्षा, सुरक्षितता आणि संरक्षण यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा, आणि या संज्ञेला अधिक मराठी वाटेल असा पर्याय आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

सांगलीहून उत्तर

लेखनाचा मुद्दा आधी निकालात काढतो. ‘परंपरा’ या शब्दाला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होतो, मधल्या स्वराची होत नाही. म्हणून ‘पारंपरिक’ आणि ‘अपारंपरिक’ हीच रूपे शुद्ध आहेत.

संरक्षण ही कृती आहे आणि तिला कर्ता लागतो, म्हणून मंत्रालय संरक्षणाचे असते. सुरक्षा ही त्या कृतीसाठी उभारलेली व्यवस्था, आणि सुरक्षितता ही त्या व्यवस्थेतून माणसाला लाभणारी स्थिती. बोलण्यात ही वाटणी बऱ्यापैकी पाळली जाते, पण कायद्यांच्या नावांत ती टिकलेली नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचा हेतू भेसळयुक्त किंवा दूषित अन्नामुळे कोणी आजारी पडू नये हा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचा हेतू अगदी वेगळा आहे : ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क द्यायचा, प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. इंग्रजीत या दोन कायद्यांसाठी ‘फूड सेफ्टी’ आणि ‘फूड सिक्युरिटी’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आपण दोन्हींना ‘अन्न सुरक्षा’च म्हटले. पहिल्याला अन्नसुरक्षितता म्हटले असते तर गोंधळ टळला असता, परंतु ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ हे पदनाम आता इतके रुळले आहे की ते बदलणे अवघड आहे.

आपल्या प्रश्नातली खरी अडचण मात्र ‘सुरक्षा’ या शब्दाच्या मुळाशी आहे. ‘रक्ष्’ या धातूत राखणे आहे. शेताची राखण म्हटले की माचाणावर बसलेला राखणदार डोळ्यांसमोर येतो आणि कणसांवर उतरणारी पाखरेही येतात. सुरक्षा म्हटले की त्याच रीतीने एक पहारेकरी आणि एक शत्रू असे दोघेही वाक्यात न बोलावता येऊन उभे राहतात. ‘सिक्युरिटी’ या शब्दाचे लॅटिन मूळ वेगळे आहे : ‘से’ म्हणजे विना आणि ‘कूरा’ म्हणजे काळजी, म्हणजे काळजी नसण्याची स्थिती. त्यात पहारेकरी नाही. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने, ज्यामागे महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञांचा विचार होता, सुरक्षेचा विषय सीमेवरून उचलून माणसाच्या घरात आणला आणि आर्थिक, अन्नविषयक, आरोग्यविषयक, पर्यावरणीय, वैयक्तिक, सामुदायिक आणि राजकीय अशा सात बाजूंनी मांडला, तेव्हा त्या मांडणीला शब्दाच्या मूळ अर्थाचा आधार होता. मराठीत तोच विचार ‘सुरक्षा’ या शब्दात घालताना आपण त्याच्या हाती नकळत बंदूक देतो.

काळजी नसण्याच्या स्थितीसाठी मराठीत अगदी त्याच घडणीचा एक शब्द आहे, आणि तो आपल्या घरांत आजही वापरात आहे. तो म्हणजे ‘बेगमी’. ‘बे’ म्हणजे विना, ‘गम’ म्हणजे दुःख किंवा चिंता. फारसीतून आलेला हा शब्द मराठीने स्वयंपाकघरात नेला आणि त्याला साठवणीचा अर्थ दिला : वर्षाच्या धान्याची बेगमी, पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी. चिंता नाहीशी होते ती कोणी दारात पहारा देतो म्हणून नव्हे, तर कोठीत दाणा आहे म्हणून, ही समजूत त्या एका शब्दात भरलेली आहे. अन्नाची, पाण्याची, औषधांची सुरक्षा हा विषय मराठी माणसाला समजावून सांगायचा असेल, तर मी सुरुवात बेगमीपासून करीन.

आता ‘अपारंपरिक’ या विशेषणाकडे येतो, कारण माझा मोठा आक्षेप त्याच्यावर आहे. या शब्दामुळे असे भासते की शत्रूचे सैन्य हा जुना धोका आणि पूर, रोगराई, उपासमार हे अलीकडचे. वस्तुस्थिती उलट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठ दैवी महाभये सांगितली आहेत : अग्नी, पाणी, रोग, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र श्वापदे, साप आणि राक्षस. त्यांच्यावरचे उपाय योजणे हे तिथे राज्यकर्त्याचे काम मानले आहे. संस्कृतातील सहा ‘ईतीं’ची, म्हणजे पिकांवर येणाऱ्या संकटांची, यादी तर याहून बोलकी आहे. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेला भिडलेले राजे, अशी ती यादी आहे. शेजारचा राजा तिथे सहांतला एक आहे, आणि तोही शेवटचा. मराठीने हाच व्यवहार ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दात साठवला : आभाळातून कोसळते ते अस्मानी, सत्तेकडून किंवा फौजेकडून येते ते सुलतानी. पाठ्यपुस्तके ज्याला पारंपरिक सुरक्षा म्हणतात तो सुलतानी संकटाचा विचार, आणि ज्याला अपारंपरिक म्हणतात तो अस्मानीचा. यातले नवे काय असेल तर ते हे की, मधल्या काळात राज्यशास्त्राने अस्मानीला सुरक्षेच्या विषयातून वगळले होते आणि आता ते परत आत घेतले आहे.

सांगलीत राहणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. ऑगस्टमध्ये इथे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल. तिथे ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा लष्कर आणि नौदलाची पथके गल्ल्यांतून बोटी घेऊन फिरत होती. आमच्या शेजारच्या आजींना जवानांनी खिडकीतून बोटीत उतरवले, आणि त्या वेळी समोर शत्रू म्हणून बोट दाखवता येईल असे कोणीही नव्हते.

हरिपूरहून

बेगमीवरून आठवले, म्हणून एवढेच लिहितो. आमच्या गावची पेवे हे बेगमीचे सर्वांत जुने रूप. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची, आणि भाव येईपर्यंत शेतकरी व व्यापारी दोघेही निर्धास्त असायचे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि साठवलेली हळद गेली, पेवेही ढासळली. चोरापासून आणि उंदरापासून जपणारी रचना नदीपुढे टिकली नाही. बेगमी हा शब्द मला मान्य आहे, परंतु बेगमीलाही राखण लागते, हे वरील उत्तरात यायला हवे होते.

जतहून

वरील विवेचन आवडले, तरी ‘अस्मानी’ या शब्दावर माझी हरकत आहे आणि ती दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्या माणसाची आहे. अस्मानी म्हटले की जबाबदारी आभाळावर जाते आणि जमिनीवरचे सगळे मोकळे होतात. आमच्याकडे पाऊस कमी आहे हे खरेच. पण कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी भागाला देणाऱ्या म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत पोचायला जो काळ गेला, तो आभाळाने लावलेला नाही. पाण्यासाठी इथल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील चाळीस गावांवर हक्क सांगताना त्याचाच आधार घेतला. तहानेचा प्रश्न बघता बघता सीमेचा प्रश्न झाला. मग याला अस्मानी म्हणायचे की सुलतानी? कृष्णेच्या पुराचेही तेच आहे. पाऊस आभाळाचा, पण धरणांतले विसर्ग, नदीपात्रातली बांधकामे आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद ही सारी माणसांची कामे आहेत.

सांगलीहून पुन्हा

दोन्ही हरकती रास्त आहेत आणि दुसरीमुळे मला माझे म्हणणे दुरुस्त करावे लागते. अस्मानी आणि सुलतानी हे दोन कप्पे पुरेसे नाहीत. माणसांच्या हातून घडलेले, तरीही कोणा एका शत्रूने न केलेले संकट या जोडशब्दात बसत नाही. खालावत गेलेले भूजल, एका फोनवर रिकामे होणारे बँक खाते, एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवाशांबरोबर पोचणारी साथ यांना आपल्याकडे एकत्र नाव नाही. ‘अपारंपरिक’ हे विशेषण कितीही ओबडधोबड असले तरी या मोकळ्या जागेसाठी ते उपयोगी पडते, हे मी मान्य करतो.

तहानेचा प्रश्न पोलिसांचा प्रश्न कसा होतो, याचे उदाहरण मिरजेच्या प्रश्नकर्त्यांना आपल्या रेल्वे स्टेशनातच सापडेल. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून कलम १४४ खाली जमावबंदी लावण्यात आली. त्यानंतर मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. दहा वाघिणींत, म्हणजे टाकीच्या डब्यांत, मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. जमावबंदी ही सुरक्षा होती आणि ती वाघिणींची गाडी ही बेगमी होती. माझ्या मते या दोन शब्दांतले अंतर याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

विकसनशील देशाच्या दृष्टीने हा भेद केवळ भाषेचा उरत नाही. एखाद्या प्रश्नाला सुरक्षेचे नाव दिले की तो कोणाच्या हाती जातो, हेही ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये हवामानबदलाला सुरक्षेशी जोडणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले आणि रशियाच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. हवामानबदल हा विकासाचा आणि हवामानविषयक न्यायाचा विषय आहे आणि त्याचा निर्णय जिथे सर्व देशांना समान स्थान आहे तिथे व्हावा, अशी भारताची भूमिका होती. पाच कायम सदस्यांच्या हाती नकाराधिकार असलेल्या मंडळात तो न्यावा हे भारताला मान्य नव्हते. म्हणून उत्तर लिहिताना प्रत्येक संकटामागे ‘सुरक्षा’ हा शब्द यांत्रिकपणे जोडू नये.

‘आव्हान’ या शब्दाविषयीही एक सूचना आहे. आव्हान देणारा कोणीतरी समोर उभा असावा लागतो. शेजारी राष्ट्राचे आव्हान असू शकते, पण महापुराचा आणि साथीचा धोका असतो, आणि तशा धोक्याला तोंड देण्याची तयारी असते. परीक्षेत विषयाचे शीर्षक दिले असेल तसेच ठेवावे, कारण परीक्षकाला ती संज्ञा दिसायला हवी. पहिले वाक्य मात्र मी असे लिहीन : ‘शत्रूच्या सैन्याकडून नव्हे, तर पूर, दुष्काळ, रोगराई, अन्नपाण्याची टंचाई आणि संगणकीय गुन्हे यांपासून लोकांच्या जिवाला व उपजीविकेला असलेले धोके म्हणजे अपारंपरिक सुरक्षेचे प्रश्न होत, त्यांतले बरेचसे मानवी कृतींमुळे वाढतात आणि त्यांच्यावरचा उपाय पहाऱ्याइतकाच बेगमीवर अवलंबून असतो.’