मदत हवी आहे: गायरानातली लांडग्याची घळ जैवविविधता वारसा स्थळात बसेल का?

आमच्या गायरानाच्या ओढ्याकाठी लांडग्याची घळ आहे. घळीपासून तीसेक पावलांवर, शेजारच्या खासगी रानात, गेल्या आठवड्यात प्लॉटिंगसाठी चुन्याची फक्की पडली. सकाळी त्याच फक्कीवर पिल्लांचे ठसे होते. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, पण ही जमीन वनखात्याची नाही.

आतापर्यंत एवढं केलंय: गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून लोक जैवविविधता नोंदवहीत घळीची नोंद करून घेतली, तहसीलला अर्ज दिला (पोच आहे, उत्तर नाही). सरपंच सोबत आहेत, ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. धनगर बांधवांची चराई बंद होता कामा नये, ही आमची पहिली अट. जागा मुद्दाम सांगत नाही, फोटोसाठी गर्दी झाली तर मादी पिल्लं हलवेल.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली आंबोलीत हिरण्यकेशी माशाच्या अधिवासाला २०२१ मध्ये वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तसा प्रस्ताव कुणी ग्रामसभेतून नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवलाय का? ठरावात गट नंबर, नकाशा, चराईचा हक्क नेमका कसा मांडायचा? आणि तोवर शेजारच्या जमिनीच्या अकृषिक परवानगीवर समितीने हरकत कुणाकडे घ्यायची?