मागावर गळा मोकळा, चर्चमध्ये ओठ बंद. असं का?

मागवाला५२

ख्रिस्तात सलाम. इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. माझ्याकडे चार माग. आत खटखटाट एवढा की शेजारचा कानात ओरडला तरी कळत नाही, आम्ही खुणांनीच बोलतो. त्या आवाजात मी गातो. तेवीस वर्षं गातोय. वडिलांनी शिकवलेली रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं, सगळी कडवी तोंडपाठ. लय मागाची आयतीच मिळते. धागा तुटला की थांबायचं, गाठ मारायची, पुढची ओळ धरायची. मे महिन्यात पत्र्याखाली अंगाची लाही होते, तरी गळा बसत नाही. कधी डोळ्यांत पाणी येतं, कधी एकट्यालाच हसू येतं.

रविवारी मात्र गाडी अडते. सातला पाळी सुटते, घरी अंघोळ, भाकरीचा तुकडा, नऊला चर्च. समोर पडदा, पडद्यावर नवीन गाणं, कीबोर्ड, ड्रम. माईकवरचा मुलगा म्हणतो, "हात वर करा, आनंद चेहऱ्यावर दिसू द्या!" माझे हात खिशातनं निघत नाहीत. गेल्या रविवारी बायकोनं कोपर मारलं म्हणून टाळ्या वाजवल्या. नाटक केल्यासारखं वाटलं.

त्यात परवा पहाटे तीनला लाईट गेली. सगळे माग एकदम बंद, आणि शेडमध्ये माझा आवाज तेवढा राहिला, तोही चढ्या पट्टीत! चोर पकडल्यासारखा गप्प झालो.

कोणी ऐकत नसताना आनंद होतो आणि मंडळीत उभं राहिलं की होत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे का? मनापासून उपासना म्हणतात ती यातली कुठली?

साधा_विश्वासी

प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय, सगळं शिस्तीनं व्हावं. हा ड्रमचा गोंधळ उपासना नव्हेच. तुमचं काही चुकत नाही.

कीबोर्ड_होटगीरोड

दादा, मी तुमच्या चर्चचा नाही, पण माईकवरचा तो मुलगा मीच असू शकतो, म्हणून लिहितोय.

वर उभं राहिलं की आम्हाला समोरचे हातच दिसतात. वर गेले तर वाटतं उपासना झाली, नाही गेले तर घरी जाऊन मूड जातो. हे मोजमाप चूक आहे, कबूल. पण साधा_विश्वासी, १५०वं स्तोत्र उघडा. कर्णा, सतार, वीणा, डफ, तंतुवाद्यं, पावा, आणि झांजा तर दोनदा, एकदा नुसत्या आणि एकदा खणखणीत. आवाजाचं वावडं बायबलला नाही. आणि तुम्ही जे पत्र सांगताय त्याच अध्यायात पौल आत्म्यानंही गाईन आणि बुद्धीनंही गाईन म्हणतो.

दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढं सगळा जोर लावून नाचला आणि त्याच्या बायकोला, मीखलला, खिडकीतून बघून किळस आली, हे आम्ही तरुण संघात वरचेवर सांगतो. सांगताना बोट नेहमी म्हाताऱ्यांकडं असतं. तुमचं वाचून जरा लाज वाटली.

निवृत्तबाई_सातरस्ता

मागवाले भाऊ, आधी एक विचारते. रात्रभर उभं राहून सातला सुटता, नऊला चर्च. झोपता कधी?

बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. तो जेवून परत झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायलाच घातलं. देवाचं पर्वतावरचं बोलणं त्यानंतरचं. शक्य असेल तर महिन्यातून एखादा शनिवार पाळी बदलून घ्या आणि मग सांगा हात निघतात का.

दुसरं, ती गीतं तुमच्या हाडात का मुरली आहेत? टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तोवर आपल्याकडं परक्या चालींवर बसवलेली भाषांतरं खूप चालायची. त्यांनी अभंग-ओवी घेतली, कीर्तनं केली, म्हणून ती भाकरी थापतानाही म्हणता येतात. पडद्यावरचं गाणं चष्मा पुसेपर्यंत पुढं गेलेलं असतं, माझंही जातं. पण टिळकांची चालसुद्धा कुणाला तरी एकदा नवीन होती, हेही खरं.

खोटीबद्दल म्हणाल तर बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांनी यरुशलेमच्या पाडलेल्या मंदिराचा पुन्हा पाया घातला. ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते वृद्ध मोठमोठ्यानं रडले, बाकीचे हर्षानं ओरडले, आणि रडणं कुठलं नि ओरडणं कुठलं हे कुणाला ओळखता येईना. कुणी कुणाला गप्प केल्याचं तिथं लिहिलेलं नाही. पोरं ओरडू देत. तुम्ही हात खिशात ठेवून उभे राहा, पण उभे राहा. मीखल खिडकीत होती, तुम्ही खिडकीत नाही.

आणि हो, परवा लाईट गेल्यावर शेडमधले लोक काय म्हणाले, ते लिहायचं राहिलं.

कीबोर्ड_होटगीरोड

बाई, मलाही तेच विचारायचं होतं.

मागवाला५२

बाई, झोपतो दुपारी बारानंतर. तुमचं बरोबर आहे, पाळीचं विचारून बघतो.

पोरा, लाज कसली. टॉवेल विणताना दोन ताणे लागतात, एक ताठ आणि एक सैल. सैल असतो त्याचेच फुगे येतात, तेच पाणी टिपतात. दोन्ही ताठ केले तर नुसतं कापड होतं. तुझा ड्रम चालू दे. फक्त महिन्यातून एकदा एखादं जुनं गीत घे, पडदा बंद ठेवून.

लाईट गेली तेव्हाचं सांगायचं टाळलं होतं. दोन मिनिटं काळोखात कोणी बोललं नाही. मग पलीकडच्या मागावरचा तेलुगू भाऊ, ज्याच्याशी मी इतकी वर्षं फक्त खुणांनी बोललोय, तो म्हणाला, "थांबलास का बे? तुझे ओठ हलताना रोज बघतो. आज पहिल्यांदा ऐकू आलं. पुढचं म्हण की."

म्हटलं. लाईट यायला पंचवीस मिनिटं लागली.