मिडी क्लॉक लॅपटॉपवरून सोडू नका, पटतंय का?

रंकाळाकाठ
राजारामपुरीत मित्राच्या माडीवर आमची तालीम असते. लॅपटॉप, ड्रम मशीन, बेसचा छोटा सीक्वेन्सर (ठरवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र), डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं यंत्र) आणि एक हलगी. क्लॉक, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका लयीत ठेवणारे ठोके, लॅपटॉपवरून यूएसबीनं सोडत होतो. परवा बाकी सगळं बंद करून नुसता डिले ऐकला. सूर सरळ धरलेला, पण मागून येणारा आवाज वर-खाली होत होता, कॅसेटची टेप ओढल्यासारखा. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

मिडी म्हणजे वाद्यं आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात ती भाषा; मिडी क्लॉक म्हणजे तिच्यातले मात्रेला २४ ठोके. १२० च्या लयीत दोन ठोक्यांत २०.८३ मिलिसेकंद. एक ठोका १ मिलिसेकंद उशिरा आला, तर तेवढ्यापुरता टेम्पो ११४.५ वर उतरतो. सरासरी न काढणारं यंत्र त्याच्यामागं धावतं. उशीर कायम तेवढाच असेल तर आकडा टाकून भरून काढता येतो, पण जिटरला, म्हणजे दर ठोक्याला बदलणाऱ्या उशिराला, आकडा कुठला टाकणार?

माझं मत: साउंडकार्डचं एक आउटपुट खर्ची घाला आणि ऑडिओ ट्रॅकवरून पल्स, म्हणजे मिडीऐवजी आवाजाचेच छोटे टिकटिक ठोके, सोडा. व्होल्काला (कॉर्ग कंपनीचं छोटं वाद्ययंत्र) मात्रेला दोन पल्स पुरतात. गाण्याबरोबर एकाच ऑडिओ घड्याळावर चालतं, हलत नाही.

शाहूपुरी४१६
नाही पटलं. लॅपटॉपला उगाच दोष देताय. मिडी १९८३ चं, वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद, एका नोटला जवळपास १ मिलिसेकंद. सहा सुरांचा कॉर्ड त्याच वायरीतून गेला की झाले जवळपास सहा. क्लॉकचा बाइट मध्येच घुसवायची मुभा आहे, पण प्रत्येक इंटरफेस (लॅपटॉप आणि वाद्यं जोडणारी डबी) ती नीट पाळतोच असं नाही. क्लॉकला वेगळा पोर्ट द्या, मी दिला आणि त्रास मिटला. शिवाय पल्सला गाणं कुठं आलंय ते कळत नाही. अंतऱ्यापासून सुरू करायचं तर काय करणार?

रंकाळाकाठ
त्या पोर्टवर क्लॉकशिवाय काही नव्हतंच, दादा. तरी हललं. अंतऱ्याचं मात्र मान्य. सॉंग पोझिशन (गाणं कुठं आलंय तो निरोप) मिडीतच मिळते, पल्सवर दरवेळी पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

हलगी_मंगळवारपेठ
तुम्ही दोघं मशीनचंच बोलताय. मिरवणुकीत बिनखांबी गणेश मंदिरावरनं महाद्वार रोडला वळलं की लय चढते, चढायलाच पाहिजे! गेल्या वर्षी लूप १२० वरच राहिला, हलगी पुढं गेली, शेवटी लूप बंद करावा लागला. मला क्लॉक नको, क्लॉकनं माझ्यामागं यावं. कीबोर्डवाल्याच्या पायाखाली टॅपचा स्विच द्या, पायानं ठोकेल ती लय मशीन धरेल.

रंकाळाकाठ
द्या की. पण टॅप एकाच मशीनला, बाकीच्यांना ठोके तिथूनच. दोन मशीन स्वतंत्र टॅपवर ठेवली, तर दहा मात्रांत फाटतात.

हलगी_मंगळवारपेठ
एवढं चालेल. पण वाढवणारा मी, मशीन नव्हे.

शाहूपुरी४१६
पल्सचं मला अजून पटलेलं नाही, मोजल्याशिवाय पटणारही नाही. रविवारी माझा इंटरफेस घेऊन माडीवर येतो. ड्रम मशीनवर नुसता रिमशॉट (ड्रमच्या कडेचा कोरडा ठोका) लावू, ६४ ठोके परत लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करू, एकदा पल्सवर, एकदा क्लॉकवर. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. झूम करून एकेक अंतर वहीत लिहू. हलगीवाल्या भावा, तू पण ये, तुझेही ६४ घेऊ.

हलगी_मंगळवारपेठ
येतो. हलगी तापवायला शेगडी लागेल, तेवढी ठेवा.