पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टला मैदानावरची चक्कर पुरे, की खुल्या रस्त्यावर न्यायलाच हवं?

डिचोलीकर:
भाचीचं लर्निंग निघून महिना होऊन गेला, पुढच्या आठवड्यात चारचाकीची टेस्ट आहे. तिथं काय करायला लावतात, असं तिनं घरात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: ‘काही नाही गं, पुढं जायचं, मागं यायचं, वळवायची, झालं.’ या ‘काही नाही’वरच माझा राग आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १५वा नियम वाचा. गाडी टॉप गिअरपर्यंत नेणं, उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं, चढावर थांबून मागं न घसरता पुन्हा निघणं, ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर नीट वागणं, हे सगळं त्यात आहे. सपाट मैदानावर यातलं किती दिसणार? माझं म्हणणं सरळ आहे: चढ, वळण आणि वाहतूक यांतून गाडी काढून दाखवल्याशिवाय कुणालाच लायसन्स देऊ नये. पटत नसेल तर बोला.

म्हापशेंकर:
नाही पटत. खुल्या रस्त्यावर परीक्षा कुणाची होते? पुढचा रेंट-अ-कॅबवाला पर्यटक मोबाईलवर बीचचा रस्ता शोधत मध्येच थांबतो, मागून बसवाला हॉर्न मारत सुटतो, आणि नापास होते तुमची भाची. मैदानावर सगळ्यांना तेच प्लास्टिकचे कोन, तीच रेघ. निदान न्याय तरी सारखा. शिवाय अठरा वर्षांची पोर, शेजारी अनोळखी साहेब, हातात कागद. घाम तिथंच फुटतो. आणि रिव्हर्सला कमी लेखू नका. आमच्या वाड्यांवर दोन्ही बाजूंना गडगे, समोरून पाण्याचा टँकर आला की टॉप गिअर कामाला येत नाही, मागं घेणंच येतं.

मास्तर, फोंडा:
मी ड्रायव्हिंग शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर. वादाआधी मुलीच्या कामाचं सांगतो. नंबर लागला की घाईनं चावी फिरवायची नाही. सीट पुढंमागं करून घ्यायची, तिन्ही आरसे बघायचे, बेल्ट, गिअर न्यूट्रलला आहे ना, हँडब्रेक ओढलेला आहे ना. आरसे लावणं आणि इंजिन सुरू करण्याआधीची खबरदारी यांचाही उल्लेख त्याच १५व्या नियमात आहे, ती शोभेची गोष्ट नव्हे. वळताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग स्टिअरिंग. पुष्कळ मुलं उलटं करतात: गाडी वळवून झाल्यावर इंडिकेटर देतात.

आता वादाचं. म्हापशेंकर, रिव्हर्सचं तुमचं खरं, पण चढावर मी डिचोलीकरांच्या बाजूनं. फर्मागुडीच्या चढाला समोरची बस थांबली की शिकाऊ माणूस ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरकडे नेतो, तेवढ्यात गाडी मागच्या स्कूटरवर जाते. करायचं असं: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच सावकाश वर आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथंच धरून जरा रेस द्यायची आणि मग हँडब्रेक सोडायचा. हे मैदानावर शिकवता येत नाही, तपासताही येत नाही.

पेडण्याची सून:
मास्तर, मी ऑटोमॅटिक चालवते. क्लचच नाही, तर हा चढाचा बाऊ कुणासाठी? दुचाकीला बिनगिअरचं आणि गिअरचं लायसन्स वेगळं, पण मोटारीला तसा भेदच नाही. ऑटोमॅटिकवर पास झालेली मुलगी दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची जुनी गिअरची गाडी घेऊन चोर्ला घाटात गेली तरी कायद्याला चालतं. आधी हे बदला, मग टेस्ट लांबवा.

मास्तर, फोंडा:
ताई, तो मुद्दा बिनतोड. पण त्यानं चढाची परीक्षा निरुपयोगी ठरत नाही, उलट अपुरी आहे एवढंच ठरतं.

दिवाडीकर:
आम्हा बेटावरच्यांना चढाबद्दल कुणी विचारू नये! फेरीबोट धक्क्याला लागली की उतरताना समोर ओला, शेवाळलेला उतरंडा, तो चढून वर जायचं. मागं नदी. मध्येच गाडी बंद पडली की सगळी बोट तुमच्याकडे बघते. डिचोलीकरांना माझं मत.

म्हापशेंकर:
मग काय, साहेबांना फेरीबोटीवर बसवायचं? गंमत सोडा. तुम्ही सगळे परीक्षेला शाळेचं काम सांगताय. शिकवणी कच्ची असेल तर परीक्षा कितीही कडक करा, लोक तेवढ्यापुरतं घोकून येतील. २०२१च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची सोय केली आहे: मोटारीचा कोर्स २९ तासांचा, चार आठवड्यांत पुरा करायचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. तिथं उत्तीर्ण झालं की सरकारी टेस्ट द्यावी लागत नाही. पैसा आणि वेळ तिकडे घाला.

डिचोलीकर:
म्हणजे फी घेणाराच पास करणार? शिकवणारा आणि तपासणारा एक नको, एवढं साधं आहे. आणि त्या केंद्रांना अट कसली? सिम्युलेटर आणि टेस्टचा ट्रॅक. फिरून मैदानावरच आलात की! पावसात रस्त्यात ठाण मांडून बसलेली गुरं, खनिजाच्या ट्रकांची रांग, पुलावर डावीकडून घुसणारा दुचाकीवाला, हे सिम्युलेटर कुठून आणणार?

म्हापशेंकर:
२१ तास खरी गाडी चालवलेला माणूस आणि आठवडाभर मामाच्या शेजारी बसलेला, यांत गुरं आडवी आली तर कोण नीट ब्रेक मारील? मला पहिलाच चालेल, ट्रॅकवर पास झालेला असला तरी.

पेडण्याची सून:
आणि मामाच्या शेजारी बसूनच शिकणाऱ्यांचं काय? ड्रायव्हिंग स्कूलची फी परवडत नाही म्हणून घरच्या गाडीवर शिकणाऱ्या कितीतरी मुली आहेत. सक्तीचा कोर्स झाला तर त्या स्कूटरवरच राहतील. त्यापेक्षा रस्त्यावरची टेस्ट बरी. ऑटोमॅटिकचं म्हणणं मात्र मी मागं घेत नाही.

मास्तर, फोंडा:
भाचीसाठी शेवटचं. गाडीचे कागद, विमा आणि पीयूसी चालू आहे का आजच बघा. एल बोर्ड पुढं-मागं हवा, पांढऱ्यावर लाल. तिथवर ती स्वतः चालवत जाणार असेल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा. नापास झाली तर आभाळ कोसळत नाही, सात दिवसांनी पुन्हा देता येते. तिसऱ्यांदाही गेली तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. लर्निंग सहा महिनेच चालतं, तेव्हा तारखा मोजून ठेवा.

डिचोलीकर:
आभारी, मास्तर. उद्यापासून रोज सकाळी चढावर नेतो. शुक्रवारी म्हापशालाही आणीन म्हणतो, वाहतुकीची सवय होईल.

म्हापशेंकर:
शुक्रवारी? बाजारादिवशी? मामा, आधी तुम्ही एकटे येऊन गाडी लावून दाखवा.