कोरडी त्वचा: तुम्हाला काय लागू पडलं?

सासूबाईंच्या नडग्या रात्री इतक्या खाजायच्या की सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसत. दिवसभर तेल चोळूनही कातडीचे खवले निघायचेच. त्वचेच्या डॉक्टरांनी औषधाआधी आंघोळीची चौकशी केली. कढत पाणी, अर्धा तास, अंगभर साबण! त्वचेच्या वरच्या थरातली स्निग्धता आम्ही रोज धुऊन काढत होतो, आणि वयामुळे ती आधीच कमी झालेली. आता कोमट पाणी, दहा मिनिटांत आंघोळ, साबण फक्त काखा, जांघा, पावलांना. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच घट्ट क्रीम लावायचं. क्रीमचं मुख्य काम आत असलेलं पाणी उडू न देणं, हे तेव्हा कळलं. तीन आठवड्यांनी त्या सलग झोपल्या. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले उपाय आवर्जून.

मी नर्स आहे. हात धुऊन धुऊन पेरांवर चिरा पडल्या होत्या. त्वचेचा सामू (pH) साधारण 5, म्हणजे किंचित आम्ल; नेहमीच्या वडीच्या साबणाचा 9 ते 10, म्हणजे अल्कधर्मी, मग दुसरं काय होणार? रात्री पेट्रोलियम जेली लावून वर सुती हातमोजे घालते. चिरा भरल्या.

माझं वर्ष क्रीम बदलण्यात गेलं. सोबत थकवा, केसगळती, सारखी थंडी वाजणं. शेवटी रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांत त्वचा मऊ पडली. असं काही जोडीला असेल तर तपासणी लांबवू नका.

सुवासिक लोशन सोडलं, बिनवासाचं घेतलं. खाज गेली. एवढंच.

टाचांच्या ओल्या भेगांवर युरियाचं क्रीम लावलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आधी जेलीनं भेगा भरू दिल्या, मग युरियानं जाड कातडी मऊ केली. पण वडिलांचं वेगळं. त्यांना मधुमेह आहे, पायांची संवेदना कमी. टाचेची भेग चिघळली तरी त्यांना दुखलंच नाही, मोज्यावरचा डाग मला दिसला म्हणून कळलं. तेव्हापासून टाच खरवडणं बंद. रोज रात्री दिवा जवळ धरून मीच त्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. बेचक्यांत मात्र क्रीम लावत नाही, तिथे ओल राहिली की बुरशी धरते.