पाकोळीचं कोण बोलणार?

'गिव्हिंग ट्री' या मुलांच्या पुस्तकात एक झाड एका मुलाला आपलं सगळं देऊन टाकतं, त्यावरून वाद चालतो ना, की ते झाड म्हणजे निरपेक्ष प्रेम का नुसतं स्वतःला संपवणं. मला ते पुस्तक (१९६४ चं) कधीच झेपलं नाही, सफरचंदं, फांद्या, खोड सगळं देऊन झालं तरी तो मुलगा म्हातारा होईपर्यंत झाडाला एकदा विचारत नाही, तुला काय हवंय. त्यापेक्षा ऑस्कर वाइल्डची 'हॅपी प्रिन्स' ही गोष्ट घ्या, १८८८ ची. त्यात राजपुत्राचा पुतळा अंगावरची रत्नं एका पाकोळीकरवी (छोटा पक्षी) गरिबांना वाटतो. सगळे राजपुत्राचंच कौतुक करतात, पण मला ती पाकोळी भारी वाटते. इजिप्तला जायचं सोडून ती त्याच्या तलवारीतलं माणिक एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे नेते, तिथं तापाने फणफणलेल्या पोराला पंखांनी वारा घालते (हे तिला कोणी सांगितलेलं नसतं हां) आणि परत येऊन म्हणते, एवढी थंडी आहे पण मला ऊब वाटतेय.

आमच्या शेजारच्या काकू अशाच. त्यांचा डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आई निदान चिमूटभर साखर घालायची, तर काकू दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात शिरा घेऊन हजर, वर म्हणायच्या, "तुमचीच साखर आहे गं!"